कापली का रं?

आबा, गेले आठ दिवस माझ्या पाठीवर पाणी पडतंय. आम्ही आता सांगलीत थोरल्या मुलाच्या स्लॅबच्या घरात राहतो. वर दुसऱ्यांचं बिऱ्हाड आहे, त्यांची मोरी गळत असेल म्हणून मुलानं गवंडी आणून दाखवला. गवंड्यानं शिडी लावून सगळं छत हातानं चाचपलं, कोरडं ठणठणीत आहे म्हणाला आणि चहा पिऊन गेला. तरी पहाटे उठून मी पलंगाच्या काठावर बसलो की मानेखाली, दोन खांद्यांच्या मधे, थेंब पडतात. चार-पाचच. गार. वरून ठिबकत नाहीत, मागून येतात, कुणी बोटं झटकावीत तसे. सदरा काढून बघतो तर ओला असतो. कुणाला सांगावं तर म्हातारचळ लागला म्हणतील, आणि त्यांचं तरी काय चुकलं, पंच्याऐंशी उलटली माझी. पण तांब्यात चार बोटं बुडवून पाठीवर पाणी मारायची ती ढब मी ओळखतो. ती एकाच माणसाची होती.

काल तुमच्या लेकीनं मला बघितलं. थेंब तिला दिसले नाहीत, अंग आवळून बसलेला मी दिसलो. दारातच थांबली आणि म्हणाली, "कापताय का?" मी "न्हाई" म्हणालो. ती स्वयंपाकघरात गेली. तिच्या मनात काही नसणार. पौष आहे, म्हातारा कुडकुडतोय, एवढंच वाटलं असेल तिला. पण मला एक जुनी पहाट आठवली. तोच शब्द आणि तेच उत्तर. साठ वर्षांच्या संसारात मी तिला सांगत आलोय की तुझे आबा गेले ते एका शब्दाच्या घोटाळ्यानं, त्यात दोष कुणाचाच नव्हता. तिनं ते मानलं, पोराबाळांनाही तसंच सांगितलं. आता तुम्हीच पाणी मारायला लागलाय म्हटल्यावर तो दिवस तुमच्यापुढं पुन्हा एकदा मांडणं मला भाग आहे.

मी तुमच्या हाताखाली मटण तपासायला आलो तेव्हा मला काय येत होतं? पुण्याला जाऊन आरोग्य निरीक्षकाची परीक्षा पास झालो होतो. वहीत जनावराच्या पोटातली चित्रं शाईनं काढून आणली होती. काळीज म्हणजे यकृत कुठं, फुप्फुस कुठं, पाणथरी म्हणजे प्लीहा कुठं, सगळं तोंडपाठ. आणि पहिल्याच सकाळी टांगलेल्या बकऱ्यापुढं उभा राहिलो तर आत सगळं एकसारखं लाल. मी वही उघडायला लागलो तसे खाटीक एकमेकांकडं बघून खोकायला लागले. तुम्ही मात्र हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, वही घरी ठेव, आधी जिवंत जनावर बघायला शीक, मेलेलं कुणालाबी कळतं. तुम्हाला सगळे डाक्टर म्हणायचे, पण तुम्ही डॉक्टर नव्हता. पहिल्या लढाईत बसऱ्याला खेचरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करत शिकलेला माणूस, परत येऊन नगरपालिकेत मटण तपासायला लागला आणि तिथंच मुरला. तुम्ही पास केलेल्या मटणानं गावात कधी कुणाचं पोट दुखलं नाही, असं लोक शपथेवर सांगायचे.

मला तो कत्तलखाना अजून तसाच दिसतो. गावाबाहेर ओढ्याच्या काठाला पत्र्याचं छप्पर, खाली दगडी फरशी, मधून रक्त वाहून न्यायची गटार, एका अंगाला जनावरं उभी करायचा कोंडवाडा. भिंतीवर घारी बसलेल्या असतात, भिंतीबाहेर कुत्री. पहाटे मी कंदील घेऊन पुढं, तुम्ही पितळी तांब्या घेऊन मागं. आपण यायच्या आधी बकऱ्यांचा कोण कालवा चाललेला असतो, ओढ्यापलीकडं ऐकू जातो. तुमचा पाय कोंडवाड्याच्या उंबऱ्यावर पडला की सगळा आवाज बंद. दिवा फुंकावा तसा. मला तेव्हा पहिले काही महिने त्या शांततेचीच भीती वाटायची. तुम्ही एकेकाच्या पाठीवर पाणी मारत जायचे. खाटकांना वाटायचं, आबा देवभोळे. जत्रेत बकरं सोडताना त्याच्यावर पाणी मारतात, त्यानं अंग झाडलं की देवीनं कौल दिला, तसलंच काहीतरी. आमच्या मेढ्याकडच्या डोंगरात मीही लहानपणापासून तेच बघितलेलं. मी एकदा विचारलं तर तुम्ही म्हणालात, "देवी असंल न्हाईतर नसंल. पर निरोगी जनावर पानी सोसत न्हाई, शिंगापासनं शेपटीपातुर झाडतं. आजारी जनावराला झाडायची ताकद नसती गड्या. ते नुसतं कापतं."

तेव्हापासून आपले दोनच शब्द. अंग झाडलं तर 'झाडलं', थरथरलं तर 'कापलं'. झाडलं की कपाळावर खडूची रेघ, आणि ते जनावर सुरीखाली जाणार. कापलं की दोरी सोडून वेगळं बांधायचं, त्याला सुरी लावायची नाही. खाटकांचा जो म्होरक्या होता, ज्याला आपण कारभारी म्हणायचो, तो नव्या माणसाला हसत हसत सांगायचा, डाक्टर 'कापलं' म्हणाले की कापायचं न्हाई, आणि 'झाडलं' म्हणाले की कापायचं. नवा माणूस चक्रावून जायचा. एकाच शब्दाचे दोन अर्थ, त्यातला एक जनावराला वाचवणारा. आपण रोज हसायचो त्यावर. मीही हसायचो.

दुसऱ्या वर्षी तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तुम्हाला, तुमच्या लेकीला आणि मला, तिघांनाच ठाऊक. झाकली मूठ. कचेरीत कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं, आणि घरात लग्नाची मुलगी. शाई-शिक्का ठेवायची जी खोली होती, तिथं तुम्ही मला नेलंत, दार लोटलंत आणि म्हणालात, "डोळं तुझं, हात माझा. जमंल?" मी जमेल म्हणालो. पुढं जवळजवळ वर्षभर आपण तसंच काम केलं. तुम्ही पाणी मारायचे, मी बघून झाडलं का कापलं ते सांगायचो. टांगलेल्या जनावराच्या पोटात तुम्ही कोपरापर्यंत हात घालायचे आणि डोळे मिटायचे. रॉकेल संपलं तर माणूस फडताळात हात घालून काड्यापेटी शोधतो, तसा तुमचा हात आत फिरायचा. काळजातली पानासारखी चपटी कीड, फुप्फुसावरचे पाण्याचे फोड, मानेतल्या कडक झालेल्या गाठी, सगळं बोटांना कळायचं. कधी कधी हात आत असताना तुम्ही मान कलती करायचे, आतून कुणी बोलतंय आणि तुम्ही ऐकताय, असं वाटायचं. खाटीक तेव्हा तुमच्या तोंडाकडं बघायचे नाहीत.

आणि ते मोजे. दुसरी लढाई चाललेली होती, लोणंदला मिलिटरीसाठी मेंढरं रेल्वेत चढवायची होती म्हणून तुम्हाला तपासणीला बोलावलं. तिथल्या गोऱ्या जनावरांच्या डॉक्टरनं तुम्हाला रबराच्या हातमोज्यांचा एक जोड दिला. रबर तेव्हा सोन्यासारखं दुर्मिळ. तुम्ही तो जोड घरी आणलात. मी त्या दिवशी तुमच्याकडं जेवायला होतो. मागच्या दारी तुमची लेक कढत पाणी ओतत होती, तुम्ही लिंबाच्या पाल्यानं हात चोळून धुतलेत, चुलीपुढं बसलात आणि भाकरी मोडायच्या आधी मोजे माझ्या मांडीवर टाकलेत. मी नको म्हणालो. तुम्ही म्हणालात, रबर घातलं तर माझी बोटं आंधळी व्हतील रं, डोळं तर गेल्यातच. आणि तुझं अजून लगीन व्हायचंय. हे म्हणताना तुमची लेक तव्यावरची भाकरी उलटत होती, तिनं वर बघितलं नाही. मी मोजे घेतले. मला बरोबर झाले.

आता तो आदला दिवस. बाजाराचा दिवस होता, जनावरं जास्त. एका काळजाला मी शिक्का मारला आणि तुम्ही सवयीनं त्याच्यावरून बोट फिरवलंत. मधे थांबलात. सुरीनं चीर दिलीत आणि आतून ती चपटी कीड बाहेर आली, चार-सहा. सगळे खाटीक भोवती उभे. तुम्ही आवाज चढवला नाही, तुम्ही कधीच चढवत नव्हता. एवढंच म्हणालात, आंधळ्याला गावलं ते डोळसाला गावंना, तुझ्यापरीस ती भिंतीभाईरची कुत्री बरी, त्यास्नी वासानं तरी कळतं. कारभारी हसला, त्याच्यामागून बाकीचे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चोवीस वर्षांचा होतो, पुण्याचा कागद खिशात होता, आणि ज्या माणसाची झाकली मूठ मी सांभाळत होतो त्यानं मला चारचौघांत कुत्र्याच्या खाली बसवलं. चूक माझी होती हे तेव्हाही कळत होतं, पण कळून राग कमी होतो थोडाच? रात्रभर तळमळलो. हा माझ्या जिवावर इन्स्पेक्टर आहे आणि मलाच बोलतो, हे एकच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी पहाटे दाट धुकं होतं. पौषच होता, आत्तासारखा. माणदेशाकडून उतरलेला एक धनगर दहा-बारा मेंढरं बांधून आदल्या सांजेलाच निघून गेला होता. त्यात एक काळी मेंढी आहे, एवढं मी आल्याआल्या तुम्हाला सांगितलं होतं. ती कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून उभी होती आणि बाकीची मेंढरं तिच्यापासून हात-दीड हात सोडून दाटीनं उभी होती. मेंढरं कशी एकमेकांत घुसतात, तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी तिच्याभोवती जागा मोकळी होती. भिंतीबाहेर एकही कुत्रं नव्हतं. घारीही नव्हत्या. मला ते जाणवलं आणि मी ते बोललो नाही. काम फार म्हणून तुम्ही म्हणालात, ह्या टोकाची म्या बघतो, त्या टोकाच्या चार तू बघ. तुमच्या टोकाची झाडतायत का हे तुम्हाला आवाजावरून कळत असे, ओल्या लोकरीचा फडफड आवाज होतो. मी काळीच्या पाठीवर पाणी मारलं. तिनं झाडलं नाही. ती कापायला लागली, आधी पाठ, मग पाय, मग खालचा जबडा. धाप लागलेली, डोळे लाल. तेवढ्यात धुक्यातून, त्या टोकाकडून, तुमचा आवाज आला. "काळी कापली का रं?"

मी म्हणालो, "न्हाई."

आता पुढचं मी तुमच्या लेकीला सांगत आलोय ते असं. मला वाटलं, तुम्ही विचारताय, काळी सुरीखाली गेली का. ती तर माझ्यापुढं उभी होती, म्हणून मी न्हाई म्हणालो. तुम्हाला वाटलं, थरथरली नाही, म्हणजे निरोगी, आणि तुम्ही कारभाऱ्याला 'झाडलं' म्हणून सांगितलंत. मग मी शाई आणायला खोलीत गेलो. शाई थंडीनं घट्ट झाली होती, ती पातळ करण्यात वेळ गेला. बाहेर आलो तोवर कारभाऱ्यानं काळीला सोडून नेलं होतं आणि ती टांगलेली होती, आणि तुमचा हात कोपरापर्यंत आत होता. शब्दानं घात केला. दोन अर्थांचा शब्द, त्यात धुकं, त्यात घाई. दुसऱ्या कुठल्या मुलखात असली चूक झालीच नसती.

टांगलेल्या त्या मेंढीचं रक्त गोठत नव्हतं. काकवीसारखं काळं, संथ, गटारीतून जात होतं आणि गटारीच्या तोंडाशी एरवी तुटून पडणारी कुत्री नव्हती. तुमचा हात आत थांबला. बराच वेळ तुम्ही तसेच उभे होता, डोळे मिटून, मान कलती करून. पाणथरी सुजून भाकरीएवढी झाली होती आणि बोट लावताच चिखलासारखी फुटली, हे तुम्ही नंतर सांगितलंत. तुमच्या अंगठ्याला थंडीनं भेग पडलेली होती, ती तुमच्या लेकीनं रात्री मेण लावून बांधली होती आणि तुम्ही पहाटे काम करायला म्हणून ती चिंधी सोडून टाकली होती. तुम्ही हात बाहेर काढलात. हळू आवाजात म्हणालात, कुणी पुढं येऊ नका, काळपुळी हाय, भेगंतनं माणसालाबी लागती. माझ्या वहीत जिला अँथ्रॅक्स लिहिलं होतं तीच. कारभाऱ्याला फिनेलनं कोपरापर्यंत हात धुवायला लावलेत, त्याच्या हातावर कुठं ओरखडा आहे का ते मला बघायला सांगितलंत. नव्हता. मग कातडीसकट सगळी मेंढी पुरुषभर खड्ड्यात, वर चुना. बाकीची मेंढरंही कापू दिली नाहीत. सगळं उरकल्यावर तुम्ही माझ्याकडं वळलात. तुम्हाला मी दिसत नव्हतो, माझ्या जरा बाजूला बघत तुम्ही विचारलंत, "तुझ्या हातात मोजं हुतं न्हवं?"

"हुतं, आबा."

"बरं झालं मग."

बस्स. त्यापुढं एक अक्षर नाही. काळी कापली होती का, तू बघितलं होतंस का, काही नाही. मी वाट बघत होतो, आज विचारतील, उद्या विचारतील.

तिसऱ्या दिवशी अंगठ्याच्या बुडाशी फोड आला. दुखत नव्हता, तोच त्याचा वाईटपणा. पाचव्या दिवशी मधे कोळशासारखा काळा झाला आणि हात खांद्यापर्यंत सुजला. डॉक्टर आले, सुई टोचली, बाहेर ओट्यावर मला म्हणाले, आशा धरू नका. तुमची लेक ओल्या फडक्यानं तुमचं अंग पुसत होती. फडकं पिळताना थोडं पाणी तुमच्या छातीवर पडलं आणि तुम्ही हसलात. मला हाक मारलीत. म्हणालात, "बघ रं, झाडतोय का कापतोय?" तुमचं सगळं अंग थडथड उडत होतं, बाजेचे पाय फरशीवर वाजत होते. मी म्हणालो, झाडताय, आबा. तुम्ही "हं" केलंत. ते "हं" कसलं होतं, हे मला आजतागायत समजलेलं नाही. संध्याकाळी तुम्ही गेलात.

पुढच्या वर्षी मी तुमच्या लेकीशी लग्न केलं. गावानं माझं केवढं कौतुक केलं. गुरूच्या माघारी त्याच्या पोरीला उघड्यावर टाकलं नाही, असा माणूस विरळा, म्हणाले. मी खाली मान घालून ऐकून घेतलं, त्यालाही लोक विनय म्हणाले. ती चांगली बायको झाली. माझ्या ताटात मटण कधी वाढलं नाही तिनं, मी खात नाही म्हटल्यावर कारणसुद्धा विचारलं नाही. आणि तुमची जागा मला मिळाली. तुमचा तांब्याही.

पहिल्या दिवशी एकटा कोंडवाड्यात गेलो. बकऱ्यांचा कालवा तसाच चालू राहिला, माझ्या पायाला कोण भितंय. मी चार बोटं बुडवून पहिल्याच्या पाठीवर पाणी मारलं. ते ना झाडलं, ना कापलं. पाणी पाठीवरून ओघळून खाली गेलं आणि ते माझ्याकडं बघत उभं राहिलं. दुसरं, तिसरं, तसंच. मी तांब्या खाली ठेवला. मग एकदम सगळा आवाज बंद झाला. तुम्ही उंबऱ्यावर पाय ठेवल्यावर व्हायचा तसा. सगळ्या जनावरांनी माना वळवल्या, एकाच जागी. माझ्या डाव्या खांद्याच्या मागं हातभर, जिथं तुम्ही उभे राहायचे. आणि पहिल्यापासून ओळीनं एकेक अंग झाडत गेलं, फडफड, फडफड, मी पाणी न मारता. आठवं झाडलं नाही. ते कापलं. मी त्याला वेगळं बांधलं, दुपारपर्यंत ते आपोआप मेलं.

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत असंच चाललं, आबा. मी नुसता उभा राहायचो. एकही वाईट जनावर माझ्या हातून सुटलं नाही. साहेब लोक यायचे, शेरे लिहायचे, फलटणहून, लोणंदहून नवी पोरं माझ्याकडं शिकायला पाठवायचे. मी त्यांना वहीतलं शिकवायचो, दुसरं माझ्याकडं होतं काय? मी मनाची समजूत घालायचो की सवयीनं मलाच कळायला लागलंय, बाकी सगळे भास. एका पहाटे कारभारी सुरी पारजत बसला होता. तोही तोवर म्हातारा झाला होता आणि आता मलाच डाक्टर म्हणायचा. मी कंदील घेऊन कोंडवाड्याच्या तोंडाशी थांबलो होतो. तो मान वर न करता म्हणाला, "डाक्टर, जरा सरकून हुबं ऱ्हावा. आबास्नी दिसंना झालंय." आणि परत सुरी दगडावर घासायला लागला. मी सरकलो. त्या दिवसापासून मी रोज एक पाऊल उजवीकडं उभा राहायला लागलो. मला वाटायचं, अजून सांभाळतायत मला, म्हणजे शब्दाच्या घोटाळ्यावर तुमचाही विश्वास बसलेला दिसतोय.

निवृत्त झाल्यावर सगळं थांबलं. तो कत्तलखाना पाडला, तिथं आता भाजीची शेड आहे. पंचवीसेक वर्षं काही नाही. आणि आता आठ दिवसांपासून पाणी. आधी मला समजलंच नाही, मी आपला छताकडं बघत बसलो. काल तुमच्या लेकीनं विचारलं तेव्हा उजेड पडला. पाणी जनावरासाठी नाही, माझ्यासाठी आहे. मला बघताय तुम्ही. आणि मी झाडत नाही, आबा. पाणी पडतं आणि मी नुसता कापतो.

तेव्हा ऐका. शाई आणायला मी गेलो नव्हतो. शाई पातळच होती. मी कोंडवाड्याच्या भिंतीला टेकून उभा होतो, हातात मोजे घालून. कारभारी काळीला माझ्यासमोरून घेऊन गेला, ती चालताना कापत होती, मी तोंडात गुळणी धरून बघितलं. मला वाटलं, एकदा चारचौघांत तुमची चूक होऊ दे. पोट उघडल्यावर मी पुढं होईन, सगळ्यांदेखत म्हणेन, डोळसाला गावलं बघा, आबा. काळपुळी असेल हे मनात आलं नव्हतं, तुमच्या भेगाळलेल्या अंगठ्याचं मनात आलं नव्हतं, एवढं माझ्या बाजूनं धरा, धरायचं असलं तर. पण शब्दाचा घोटाळा वगैरे काही झाला नाही. वर्षभर रोज तुम्ही तोच प्रश्न विचारत होता आणि रोज मी त्याचं उत्तर देत होतो. त्या दिवशी तुम्ही काय विचारलंत ते मला कळलं होतं.

हे पत्र कुठं टाकायचं, मला ठाऊक नाही. शिक्क्याच्या डब्यात ठेवतो. मोजे त्यातच आहेत, केव्हाच चिकटून एकजीव झालेत. लिहायला बसलो तेव्हा अंधार होता, आता फटफटलंय. मघाशी पुन्हा थेंब पडले, या वेळी नेहमीपेक्षा जास्त, मानेवरून ओघळले. दारात तुमची लेक उभी होती. ती आज पुन्हा म्हणाली, "कापताय का?"

मी "व्हय" म्हणालो.

तिला वाटलं, थंडीच. घोंगडं आणायला आत गेली आहे.